माळावरचा पेपर जर्नलला पाठवण्याआधी: सस्तन प्राण्यांवर काम करणाऱ्या सोलापूरच्या नव्या संशोधकांसाठी

प्रबंध जमा झाला, व्हायवाही पार पडली, आणि आता गाईड म्हणतात, "यातून दोन पेपर काढा." इथवर आलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही नान्नजच्या माळावर लांडग्याच्या विष्ठा गोळा केल्या असतील, मोहोळकडे उसाच्या कडेने कॅमेरे लावले असतील किंवा गावातल्या जुन्या वाड्यांमधली वटवाघळं मोजली असतील. फील्डचं काम तुम्हाला येतं. अडतं ते नंतर.

ओळखीतल्या मुलामुलींची जी हस्तलिखितं मी चाळली, त्यातली बरीचशी रिव्ह्यूअरपर्यंत पोचलीच नव्हती, संपादकाने टेबलावरूनच परत पाठवली होती. विज्ञान कच्चं होतं म्हणून नव्हे. परवानगीचा क्रमांक नव्हता, प्राणी ओळखला कसा हे लिहिलं नव्हतं, नाहीतर जर्नलच चुकीचं निवडलं होतं. या गोष्टी लिहायला बसण्याआधी ठरवायच्या असतात. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम तुम्हाला थोडा उलटा वाटेल. सारांश शेवटाकडे आहे आणि जर्नल सुरुवातीला.

१. एका पेपरला एकच प्रश्न

प्रबंधाची पाच प्रकरणं आखडून एक पेपर होत नाही. खोकडाचा आहार, बिळांची जागा, पिल्लांची संख्या आणि गावकऱ्यांची मतं हे सगळं एकत्र कोंबलं की संपादकाला कळत नाही हा लेख नक्की कशाबद्दल आहे. तुमचा प्रश्न एका वाक्यात मराठीत लिहा. "रब्बी ज्वारी उभी असताना आणि काढणी झाल्यावर खोकडाची बिळं शेताच्या बांधापासून किती लांब असतात?" असा प्रश्न चालतो. "सोलापूर जिल्ह्यातील खोकडाचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, ते फाईलचं नाव झालं.

प्रश्न ठरला की ज्या नोंदी त्याचं उत्तर देत नाहीत त्या बाजूला काढा. जीव तुटतो, मान्य. त्या दुसऱ्या पेपरला लागतील.

२. जर्नल आधी, लिखाण नंतर

तीन नावांची यादी करा आणि तिन्हीच्या 'लेखकांसाठी सूचना' छापून घ्या. स्क्रीनवर वाचलेल्या सूचना डोक्यात राहत नाहीत.

भारतातून निघणाऱ्यांमध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून चालू आहे. कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा कुणालाही मोफत वाचता येतं आणि एखाद्या भागातल्या नोंदींनाही जागा देतं. बाहेरच्यांमध्ये मॅमेलिया, मॅमल रिसर्च, मॅमेलियन बायॉलॉजी ही नावं नेहमी कानावर येतात. अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमलॉजिस्ट्सचं जर्नल ऑफ मॅमलॉजी १९१९ पासून निघतं. तिथे फक्त 'आमच्या तालुक्यात हा प्राणी दिसला' एवढ्यावर भागत नाही, प्रश्न व्यापक लागतो. एका रानमांजराची किंवा तरसाची नवी नोंद असेल तर पूर्ण शोधनिबंधाचा अट्टहास सोडा. छोटी टिपणं छापणारी जर्नल्स आहेत, आणि चांगलं टिपण लोक उद्धृत करतात.

निवडताना तीन गोष्टी बघा. त्या जर्नलच्या गेल्या दोन वर्षांच्या अंकांत तुमच्यासारखं काम छापलंय का. पैसे मागतात का, आणि मागत असतील तर तो आकडा सबमिट करण्याआधी उघड सांगितलाय का. आणि ते स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा डीओएजे या जर्नल्सच्या याद्यांमध्ये खरोखर आहे का. हे जर्नलच्या वेबसाइटवर नव्हे, त्या यादीत जाऊन शोधायचं.

सापळा: "सात दिवसांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर अमुक" असा मेल किंवा व्हॉट्सअॅप मेसेज आला की सरळ डिलीट करा. वर्षानुवर्षं आपल्याकडे यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नल्सची यादी दाखवून जर्नल विकली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली. त्यामुळे "आमचं जर्नल केअर लिस्टेड आहे" हे वाक्य आता कुणी ऐकवलं तर त्याला काही अर्थ उरलेला नाही. पदोन्नतीसाठी किंवा पीएचडीसाठी काय चालतं ते आपल्या विद्यापीठाच्या ताज्या परिपत्रकात बघा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

३. कागदपत्रांची फाईल

इथे घाई अजिबात नको. वन्यप्राण्यांवरच्या पेपरमध्ये परवानगीचं वाक्य नसेल तर चांगली जर्नल्स पुढे वाचत नाहीत. एका फोल्डरमध्ये हे सगळं जमवा:

- अभयारण्यात शिरून अभ्यास करण्याची वनविभागाची परवानगी, क्रमांक आणि तारखेसह. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली ही दिली जाते.
- प्राणी पकडला, रक्त-ऊतक घेतलं किंवा कॉलर लावली असेल तर कलम १२ खालची वेगळी परवानगी. कायद्याच्या भाषेत पकडणं हे 'शिकार' या शब्दातच येतं, दचकू नका.
- संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचं पत्र, लागू असेल तर.
- गावकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या असतील तर मानवी सहभागासाठीच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि संमतीचा नमुना. हे आपल्याकडे सर्रास विसरलं जातं. मेंढपाळाला चार प्रश्न विचारणं हासुद्धा माणसांवरचा अभ्यासच आहे.
- खाजगी शेतात कॅमेरा लावला असेल तर शेतमालकाची संमती. लेखी नसेल तर तोंडी घेतली होती असं पद्धतीत लिहा, घेतली असेल तरच.
- निधी देणाऱ्यांचा प्रकल्प क्रमांक.
- सर्व लेखकांचे ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख. मोफत मिळतात, पाच मिनिटांचं काम.

सापळा: जुन्या पेपरमधलं "हा प्राणी अमुक अनुसूचीत आहे" हे वाक्य जसंच्या तसं उचलू नका. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूची सहाच्या चार झाल्या आणि कित्येक प्राण्यांची जागा बदलली. उंदीर, फळवटवाघूळ वगैरेंची जुनी 'उपद्रवी' प्राण्यांची पाचवी अनुसूचीही गेली. त्यामुळे "उंदरांना कसली परवानगी" हे जुनं उत्तर आज वनविभागाला विचारल्याशिवाय देऊ नका.

जिवंत प्राणी हाताळला असेल तर अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमलॉजिस्ट्सच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना पाळल्याचं एक वाक्य बहुतेक सस्तनप्राणी जर्नल्सना लागतं. त्या सूचना आधी वाचा, मग लिहा.

४. प्राणी नेमका कोणता?

मोठ्या प्राण्यांचं नाव सोपं वाटतं म्हणून इथे ढिलाई होते. शास्त्रीय नावाबरोबर, पहिल्यांदा येईल तिथे, नाव देणाऱ्याचं नाव आणि वर्ष द्यायची अनेक जर्नल्सची पद्धत आहे. कंस कधी घालायचा यावर मुलं हमखास अडखळतात. प्रजाती मुळात ज्या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींचा गट; शास्त्रीय नावातला पहिला शब्द) टाकली होती, आज ती दुसऱ्या जीनसमध्ये असेल तर कंस. नसेल तर नाही. खोकड व्हल्पेस बेंगालेन्सिस: शॉने १८०० साली ती कॅनिसमध्ये टाकली होती, म्हणून 'शॉ, १८००' कंसात. आपला लांडगा कॅनिस लुपस पॅलिपेस: साइक्सने १८३१ साली दख्खनच्या प्राण्यांची यादी करताना तो कॅनिसमध्येच वर्णिला, म्हणून कंस नाही. आजचं मान्य नाव तपासायला मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेस बघा आणि कोणती आवृत्ती पाहिली ते लिहा.

पुरावा कोणता, हा प्रश्न रिव्ह्यूअर विचारणारच. कॅमेऱ्यात दिसला असेल तर फोटो. विष्ठेवरून ओळखला असेल तर जरा थांबा. लांडगा आणि गावातला भटका कुत्रा दोघेही मेलेली शेळी खातात आणि दोघांच्या विष्ठेच्या जाडीत सरमिसळ होते. केवळ आकारावरून ठरवलं असेल तर तसं लिहा आणि शंकास्पद नमुने वगळल्याचा आकडा द्या. शेजारी ठसे होते का, डीएनए केला का, बीळ जवळ होतं का, जे असेल ते.

उंदीर, चिचुंद्री आणि वटवाघळांच्या बाबतीत फोटोवर भागवू नका. शरीराची, शेपटीची, मागच्या पावलाची, कानाची लांबी आणि वजन. वटवाघळाला अग्रबाहूचं माप हवंच. नमुना ठेवला असेल तर तो मान्यताप्राप्त संग्रहात जमा करून नोंद क्रमांक मिळवा. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यात आकुर्डीला असलेलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. विभागातल्या कपाटात फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवलेला नमुना जगाच्या दृष्टीने नसल्यातच जमा आहे. जनुकीय क्रम काढला असेल तर तो जेनबँकेत (जनुकीय क्रमांचा सार्वजनिक संग्रह) टाकून क्रमांक पेपरात द्या.

५. अभ्यासक्षेत्र आणि पद्धत

सगळ्यात आधी हा भाग लिहा. फील्डच्या वह्या समोर असतात, डोकं चालवावं लागत नाही आणि पानं भरायला लागली की हुरूप येतो.

अभ्यासक्षेत्राच्या परिच्छेदात कॉपी-पेस्टची वाळवी लागते. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साधारण ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर पुनर्रचनेत ते १,२२२ च्या आसपास आलं. आजही जुना आकडा नव्या पेपरांत फिरतो. तुमचं काम नान्नज, मार्डी, कारंबा अशा ठरावीक तुकड्यांवर झालं असेल तर त्या तुकड्यांचं क्षेत्र द्या. आजूबाजूच्या जिल्ह्यांची नावंही बदलली आहेत; पहिल्या उल्लेखात "धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद" असं लिहा, नाहीतर परदेशी वाचकाला नकाशात दोन वेगळी गावं वाटतात. अहिल्यानगरचंही तेच.

ऋतू ठरवताना घाटातल्या पेपरांचे महिने उचलू नका. सोलापूरला जून-जुलै कोरडा जाऊ शकतो आणि पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. रब्बी ज्वारी त्यानंतर पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी असते. प्राण्याला आडोसा देणारं पीक कधी उभं होतं, हे तुमच्या विश्लेषणाला 'मान्सूनपूर्व' आणि 'मान्सूनोत्तर' यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता पद्धत. एक नमुना बघा. मुलं लिहितात:

"योग्य ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावून प्राण्यांची नोंद घेतली."

रिव्ह्यूअरला हवं असतं:

"गवताळ तुकड्यांवर दोन किलोमीटरच्या जाळीत २० कॅमेरे, जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, पायवाटांकडे तोंड करून लावले, ते ३० रात्री चालू होते, एकाच प्रजातीचे अर्ध्या तासाच्या आतले फोटो एकच नोंद धरले."

हे वाचून दुसरा कुणी उद्या सांगोल्याच्या माळावर हेच काम करू शकला पाहिजे. कॅमेऱ्याचं मॉडेल, सेन्सरची संवेदनशीलता, आमिष लावलं की नाही, तेही द्या.

आणि ट्रॅप-नाइट्सचा, म्हणजे सगळे कॅमेरे मिळून किती रात्री चालले याचा हिशोब नीट करा. २० कॅमेरे गुणिले ३० रात्री म्हणजे ६००, असं लिहून मोकळं होता येत नाही. समजा दोन कॅमेरे दहाव्या रात्री चोरीला गेले. कार्डही त्यांच्यातच होतं, म्हणजे त्या दोघांच्या सगळ्याच रात्री गेल्या. उरल्या ५४०. बॅटरी संपलेल्या आणि गाईने ढुशी मारून आभाळाकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यांच्या रात्रीही अशाच वजा करा. शंभर ट्रॅप-नाइट्सला इतक्या नोंदी, हा आकडा याच भाजकावर उभा असतो.

मुलाखती घेतल्या असतील तर प्राण्याचे फोटो दाखवून विचारलं होतं की नुसतं नाव घेऊन, ते स्पष्ट लिहा. खोकड आणि कोल्हा यांची गावात गल्लत होते हे तुम्हाला माहीत आहे, संपादकाला नाही.

६. आकडे आणि तक्ते

नमुना लहान असेल तर टक्केवारीच्या मागे लपू नका. "२५ टक्के विष्ठांमध्ये काळवीट" हे भारी वाटतं; "१२ पैकी ३" लिहिलं की खरं काय ते दिसतं. दोन्ही द्या.

आहाराच्या पेपरात नुसत्या आढळ-वारंवारतेवर (किती विष्ठांमध्ये ते भक्ष्य सापडलं) शेळी विरुद्ध ससा अशी तुलना केली की लहान भक्ष्याचं पारडं उगाच जड होतं, कारण लहान प्राण्यात वजनाच्या मानाने केस जास्त असतात. खाल्लेलं वजन काढण्याची सुधारणा वापरा, नाहीतर ही मर्यादा चर्चेत मांडा. तसंच कॅमेऱ्यातल्या नोंदींवरून "कोल्हे खोकडांपेक्षा जास्त आहेत" असं म्हणू नका. जो प्राणी वाटेने चालतो तो कॅमेऱ्यात जास्त येतो. एकाच जागी वारंवार नोंदी असतील तर ऑक्युपन्सी मॉडेल शिकून घ्या; प्राणी तिथे असूनही न दिसण्याची शक्यता ते हिशोबात धरतं.

संगणकाने दिलेलं 'पी बरोबर शून्य' तसंच टाकू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. चाचणीचं नाव, स्वातंत्र्यांश आणि परिणामाचा आकार हे सोबत लागतातच. आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर आवृत्ती आणि पॅकेजेसचा संदर्भ द्या. तक्ते वर्डमध्ये टंकित करा, एक्सेलचा स्क्रीनशॉट नको.

७. नकाशा

नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. स्केल, उत्तर दिशा, सूची, अक्षांश-रेखांश आणि भारतात सोलापूर कुठे हे दाखवणारा कोपऱ्यातला छोटा नकाशा, इतकं लागतं. देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्या; इंटरनेटवरची तयार शेपफाईल काश्मीरमध्ये हमखास दगा देते. क्षेत्रफळ किंवा अंतर काढताना यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी पद्धत) झोन ४३ उत्तर वापरा, सोलापूर त्यातच येतं. अंशांमध्ये होम रेंज (प्राण्याच्या वावराचं क्षेत्र) काढलेली मी पाहिली आहे, ती कुणालाच उपयोगाची नसते.

लांडग्याच्या गुहेचे किंवा खोकडाच्या बिळाचे अचूक जीपीएस आकडे छापू नका. जर्नल डेटा मागेल तेव्हा संवेदनशील जागा ढोबळ करून देता येतात आणि तसं डेटा उपलब्धतेच्या निवेदनात लिहिता येतं. नाहीतर पेपर आला की दुसऱ्या रविवारी बिळाशी जीपा उभ्या राहतात.

फोटो किमान ३०० डीपीआय. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो चालत नाही, मूळ कार्डावरून घ्या. आलेखात लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळ्या वाचकाला ती एकच दिसते.

८. प्रस्तावना, चर्चा, आणि मग सारांश

प्रस्तावनेत "भारत हा जैवविविधतेने नटलेला देश आहे" इथून सुरुवात करू नका. खोकडाच्या बिळांबद्दल आजवर काय माहीत आहे आणि शेती-माळाच्या सरमिसळीत काय माहीत नाही, एवढंच हवं.

चर्चा लिहिताना इंग्रजीशी झटापट होत असेल तर एक करून बघा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मित्राला मराठीत सांगा, आपल्याला काय सापडलं आणि त्यातलं काय अनपेक्षित होतं. ते ऐकून मुद्दे काढा, मग इंग्रजीत लिहा. थेट इंग्रजीत लिहिताना आपण इतरांच्या पेपरमधली वाक्यं नकळत जोडत जातो, आणि सारखेपणा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते लाल होऊन येतं. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर जर्नलच्या नियमानुसार तसं जाहीर करा. त्याने सुचवलेला एकही संदर्भ मूळ पेपर उघडून पाहिल्याशिवाय ठेवू नका. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून संदर्भ भरले असतील तर शैली बदलणं एका क्लिकचं काम, हाताने टाइप केले असतील तर ती रात्र तुमची.

शीर्षकात प्राण्याचं शास्त्रीय नाव आणि जागा असू द्या. सारांश सगळ्यात शेवटी, त्यात निदान एक खरा आकडा हवाच.

९. लेखक कोण, आभार कुणाचे

हा वाद सबमिशनच्या आदल्या रात्री काढू नका. कुणी कल्पना मांडली, कुणी फील्ड केलं, कुणी विश्लेषण केलं, कुणी लिहिलं याची यादी करा. बरीच जर्नल्स आता ती मागतातच. विभागप्रमुख आहेत एवढ्यावर नाव घालण्याची पद्धत मला पटत नाही, पण ती आहे, आणि नव्या मुलाला ती एकट्याने मोडता येत नाही. निदान सगळ्यांनी अंतिम मसुदा वाचल्याचा मेल प्रत्येकाकडून घ्या.

ज्या धनगर मेंढपाळाने तुम्हाला बिळं दाखवली त्याचं नाव आभारात, त्याला विचारून, पूर्ण लिहा. "स्थानिक लोकांचे आभार" ही ओळ त्याला घरी कुणाला दाखवता येत नाही.

१०. सबमिट

कव्हर लेटर एका पानात: काय सापडलं, याच जर्नलला का, हे दुसरीकडे पाठवलेलं नाही. ओळींचे क्रमांक, पानांचे क्रमांक, दुप्पट अंतर. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितले तर आपल्याच गाईडचे जुने सहलेखक देऊ नका. रिव्ह्यू दुहेरी-अंध (लेखक आणि रिव्ह्यूअर दोघांची नावं एकमेकांपासून लपवलेली) असेल तर हस्तलिखितातून, आभारातून आणि वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमधूनही नावं काढा.

शेवटी सिस्टीम एक पीडीएफ बनवते. ती पूर्ण उघडून वाचल्याशिवाय मंजूर करू नका; आकृती तीन कोरी येणं, शास्त्रीय नावाचा तिरका ठसा जाणं हे इथेच दिसतं.

हस्तलिखित क्रमांक जपून ठेवा. तीन महिने काही कळलं नाही तर तो लिहून दोन ओळींचा नम्र मेल टाका, त्याने कुणी रागावत नाही. उत्तर येईपर्यंत तोच लेख दुसऱ्या जर्नलला पाठवायचा नाही. पेपर छापून आला की त्याची प्रत वनविभागाला द्या. परवानगीपत्राच्या अटींमध्ये ते बहुधा लिहिलेलं असतं, आणि पुढच्या हंगामाच्या परवानगीचा अर्ज तुम्हाला त्याच टेबलावर ठेवायचा आहे.